रुग्णांशी आपुलकीने वागणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला पुरस्कार द्यायचाय. निवड कशी करावी?

क्लिनिकल_ट्यूटर

नमस्कार. आमच्या बी.एस्सी. नर्सिंग कॉलेजने येत्या १२ मेला, जागतिक परिचारिका दिनी, एक नवा पुरस्कार द्यायचं ठरवलंय. गुणांचं बक्षीस वेगळं आहे, एसएनएच्या (विद्यार्थी परिचारिका संघटनेच्या) स्पर्धांचीही वेगळी आहेत. हा पुरस्कार फक्त रुग्णाशी माणुसकीने, आपुलकीने वागणाऱ्या विद्यार्थ्यासाठी. पाचव्या ते आठव्या सत्रातली १२० मुलं-मुली, ३०० खाटांचं रुग्णालय, शिवाय ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातलं पोस्टिंग, एवढा पसारा आहे.

कमिटीपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, सगळ्यांकडून एम्पथीची, म्हणजे दुसऱ्याचं दुःख समजून घेण्याची प्रश्नावली भरून घ्यायची आणि वरचे पाच निवडायचे. दुसरा, प्रत्येक ट्यूटरने एक नाव द्यायचं आणि प्राचार्यांनी त्यातून एक ठरवायचं. मला दोन्ही पटत नाहीत, पण पर्याय काय मांडावा ते नेमकं सुचत नाही. डिस्चार्जच्या वेळचे अभिप्राय चाळले, तर बहुतेकांवर ‘सगळ्या सिस्टर चांगल्या आहेत’ एवढंच. त्यातून एक विद्यार्थी कसा वेगळा काढायचा? ज्यांनी अशी निवड केली आहे किंवा जवळून पाहिली आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

वॉर्ड_इन्चार्ज

मॅडम, प्रश्नावलीचा प्रस्ताव आधी बाजूला ठेवा. एम्पथी मोजणारी जेफरसन स्केलसारखी प्रश्नावली विद्यार्थी स्वतःबद्दल स्वतःच भरतो. २० विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. सत्रागणिक बॅचमध्ये काय फरक पडतो हे तपासायला ती ठीक आहे. पण पुढे बक्षीस आहे म्हटल्यावर कोणत्या विधानाला ७ लिहायचे हे कुणालाही समजतं. त्यातून कळतं ते एवढंच की आपुलकीबद्दल काय लिहायचं हे मुलांना ठाऊक आहे.

ट्यूटरच्या शिफारशीची अडचण वेगळी. ट्यूटर वॉर्डात असतात सकाळी. केस प्रेझेंटेशन, केअर प्लॅन, व्हायवा यांत त्यांचा वेळ जातो आणि त्या वेळात प्रत्येक मूल सावध असतं. ज्या मुलीची फाईल सुबक, तिचं नाव आधी आठवतं, आणि एका बाबतीत चांगली म्हणजे सगळ्याच बाबतीत चांगली असा ग्रह नकळत होतो. खरं वागणं दिसतं ते इव्हिनिंगला नातेवाइकांची गर्दी झाल्यावर आणि नाईटला पहाटे चारच्या सुमारास, चौथ्यांदा बेडपॅन मागितल्यावर. ते बघणारी माणसं म्हणजे स्टाफ सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, मामा, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आणि सोबत राहिलेले नातेवाईक. नाव सुचवायचा अधिकार त्यांना द्या. सहविद्यार्थ्यांनाही द्या, कारण कोण कुणाच्या वाट्याचं काम न सांगता करतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. मावशी फॉर्म भरणार नाहीत. त्यांचं तोंडी ऐकून, त्यांच्याच शब्दांत कुणीतरी उतरवून घ्यायचं.

फॉर्म एका पानाचा ठेवा आणि प्रश्न चारच. कोणता वॉर्ड आणि साधारण कधी? त्या वेळी रुग्णाची अडचण काय होती? विद्यार्थ्याने काय केलं आणि काय बोलला? त्यानंतर रुग्णात काय फरक दिसला? विशेषणांना शून्य गुण, हे फॉर्मवरच छापा. ‘प्रेमळ, हसतमुख, सेवाभावी’ असं लिहून आलेला फॉर्म परत पाठवा आणि एक प्रसंग लिहून मागा.

प्रसंग कसा असावा ते उदाहरणाने सांगते. कोलोस्टॉमी झालेल्या, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे मळाची पिशवी लावलेल्या रुग्णाची पिशवी गळते, चादर भिजते, वास सुटतो, शेजारचे वळून बघतात. विद्यार्थिनी आधी आडोशाची स्क्रीन ओढते. मग म्हणते, ‘काका, पिशवी नीट बसली नव्हती, यात तुमची काही चूक नाही.’ तोंड न फिरवता कोमट पाण्याने कातडी साफ करते, टिपून कोरडी करते. पिशवी पुन्हा गळू नये म्हणून स्टोमाचं (पोटावरच्या त्या तोंडाचं) माप नव्याने घेते आणि पिशवीचं भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापते. ते जास्त मोठं राहिलं की मळ कातडीला लागून ती सोलवटते, आणि चिकटपट्टीही धरत नाही. शेवटी रुग्णाला विचारते की पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बघणार का, आरसा धरू का. या प्रसंगात लाज झाकणं आहे, धीर देणं आहे आणि हाताचं कसबही आहे. कसब नसताना नुसतं गोड बोललं तर पिशवी तासाभरात पुन्हा गळते, म्हणून गुण देताना या दोन गोष्टी वेगळ्या करू नका.

नावं फक्त एप्रिलमध्ये मागवलीत तर एप्रिलमध्ये जे मेडिसिनला किंवा सर्जरीला होते तेच डोळ्यांसमोर राहतील. फॉर्म टाकायची पेटी सत्राच्या पहिल्या दिवसापासून ठेवा आणि दर शनिवारी उघडा. अंतिम यादीत यायला दोन वेगळ्या वॉर्डांतून, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले किमान दोन प्रसंग हवेत. एखाद्या दिवशी कुणीही चांगलं वागतं.

हजेरीचा नियम फक्त पात्रतेपुरता लावा. इंडियन नर्सिंग कौन्सिलप्रमाणे परीक्षेला बसायला ८० टक्के लागतेच. त्यावरच्या हजेरीला वेगळे गुण देऊ नका, नाहीतर हा हजेरीचा पुरस्कार होईल.

समाजसेवा_विभाग

रुग्णाच्या अभिप्रायाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

‘सगळ्या सिस्टर चांगल्या’ हे उत्तर येतं कारण रुग्ण अजून खाटेवर असतो. सलाईन यांच्याच हातात, इंजेक्शन यांच्याच हातात. वाकडं बोललो तर आपल्याकडे बघणार नाहीत ही भीती सरकारी रुग्णालयात फार असते. शिवाय फॉर्म घेऊन समोर उभी असते तीही गणवेशातलीच. म्हणून दोन गोष्टी बदला. डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर, घरी निघण्याआधी विचारा. आणि विचारणारी व्यक्ती नर्सिंगची नको. समाजसेवा अधीक्षक असतील तर उत्तम, नसतील तर कार्यालयातलं कुणीतरी.

तारे, टक्के, एक ते पाच असलं काही मागू नका, सगळे पाचच देतात. बसून, गप्पा मारल्यासारखं विचारा: ‘इथे असताना कुणा शिकाऊ सिस्टरने किंवा ब्रदरने असं काही केलं का, जे घरी जाऊन सांगावंसं वाटेल?’ रुग्ण ‘हो’ म्हणून थांबला तर ‘म्हणजे काय झालं होतं?’ एवढंच पुढे विचारायचं. आपण उदाहरण सुचवलं की तेच उदाहरण परत मिळतं. काहीच आठवलं नाही तर कागद कोरा ठेवा, आग्रह नको.

भाषेचं भान ठेवा. नंदुरबारकडे भिली किंवा पावरी बोलणारी बाई, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणारे आजोबा मराठी अभिप्रायाच्या फॉर्मवर फक्त अंगठा उठवतील. दुभाषी म्हणून आशाताई किंवा नातेवाईक चालतील. ज्याच्याबद्दल विचारतोय तो विद्यार्थी किंवा त्याची मैत्रीण अजिबात नाही.

आता नावाचा प्रश्न. सगळ्यांचा गणवेश सारखा, त्यामुळे रुग्ण सांगतो, ‘ती चष्म्यावाली, रात्रीची.’ ओळखपत्र गळ्यात असतं ते उलटं फिरतं आणि त्यावर नाव इंग्रजीत, बारीक अक्षरात. छातीवर पिनने लावायची पट्टी करून घ्या. त्यावर देवनागरीत फक्त पहिलं नाव, खाटेवरून वाचता येईल एवढं मोठं, आणि खाली ‘नर्सिंग विद्यार्थी’. पण पट्टीपेक्षा तोंडाने सांगितलेलं नाव जास्त लक्षात राहतं. ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर या डॉक्टर २०१३ साली स्वतः रुग्ण म्हणून दाखल असताना त्यांना जाणवलं की तपासायला येणारे कितीतरी जण स्वतःचं नावच सांगत नाहीत. त्यातून त्यांनी ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याच वाक्याची मोहीम उभी केली. आपल्याकडे ते असं म्हणता येईल: ‘नमस्कार आजी, मी अमुक, नर्सिंगला शिकते. आज दोन वाजेपर्यंत तुमच्याकडे मीच आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. कुणाला हाक मारायची आणि कधीपर्यंत, हे कळलं की रुग्णाची निम्मी घालमेल थांबते.

तरीही नाव मिळालं नाही तर तारीख, शिफ्ट आणि खाट क्रमांक घेऊन वॉर्डातल्या असाइनमेंटच्या रजिस्टरवरून शोधा. दोघींपैकी नेमकी कोण ते ठरत नसेल तर तो प्रसंग निवडीतून सोडून द्या. अंदाजाने नाव घातलं आणि नंतर चूक उघड झाली तर त्या मुलांचा या पुरस्कारावरचा विश्वास कायमचा जातो.

क्लिनिकल_ट्यूटर

दोघांचेही मनापासून आभार, फॉर्मचा मसुदा आजच बदलते. एक शंका. ज्यांचं पोस्टिंग आयसीयू किंवा ओटीत (शस्त्रक्रियागृहात) असतं तिथला रुग्ण बोलूच शकत नाही. आणि मुलग्यांना प्रसूती विभागात रुग्णाजवळ फारसं जाऊ देत नाहीत. असे विद्यार्थी आपोआप मागे पडणार नाहीत का?

आयसीयू_नाईट

नुसत्या पेटीतल्या चिठ्ठ्यांवर निवड केलीत तर नक्की पडतील. म्हणून चिठ्ठ्यांच्या जोडीला निरीक्षण लागतं, आणि ते अंतिम यादीतल्या आठ-दहा जणांचंच केलं तरी पुरतं. यादी करताना प्रत्येक विभागातून किमान एक नाव येईल असं बघा. आयसीयू-ओटीसाठी स्टाफ सिस्टर आणि भूलतज्ज्ञांकडून प्रसंग मागा. मुलग्यांचं निरीक्षण मेल मेडिसिन, ऑर्थो, कॅज्युअल्टीत करा. जिथे जाऊच दिलं नाही तिथलं मोजायचं कशाला?

बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाकडे आभार मानायला आवाज नसतो, त्यामुळे तिथलं वागणं जास्त खरं असतं. काय बघायचं ते सांगते. कुशीवर वळवण्याआधी रुग्णाला नावाने सांगितलं का, की दोघींनी आपापसात बोलत बोलत वळवलं? सक्शनच्या, म्हणजे नळीने घशातला-श्वासनळीतला कफ ओढून काढण्याच्या आधी ‘आता थोडा ठसका लागेल, मी इथेच आहे’ म्हटलं का, आधी ऑक्सिजन वाढवला का, आणि कॅथेटर (ती नळी) १०-१५ सेकंदांत बाहेर काढला का? लांबलेलं सक्शन म्हणजे त्या माणसाचा श्वास कोंडणं. स्पंज देताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा आणि बाकी अंगावर चादर, असं आहे का? पाणी आपल्या मनगटावर बघितलं का, गार झाल्यावर बदललं का? नळी घातलेला रुग्ण शुद्धीत असेल तर त्याच्यापुढे अक्षरांचा तक्ता किंवा पाटी धरली का, आणि तो बोट दाखवेपर्यंत थांबली का? यातलं थांबणं सगळ्यात अवघड. तीन सेकंदांत ‘पाणी पाहिजे का? दुखतंय का?’ असे चार प्रश्न विचारून निघून जाणारे पुष्कळ असतात.

भेटीच्या वेळी नातेवाईक आत येतात, नळ्या बघून हबकतात आणि दारातच उभे राहतात. त्यांना खाटेजवळ आणून ‘या हाताला सलाईन नाही, हा हात धरा, बोला त्यांच्याशी’ असं सांगणारी विद्यार्थिनी दिसली की तिचं नाव लिहून ठेवा.

ओटीत बघायची जागा म्हणजे बाहेरचा प्रतीक्षा कक्ष. चष्मा, कवळी, कानयंत्र काढून घेतलेलं, अंगावर पातळ गाऊन, थंडगार एसी. तिथे ब्लँकेट दिलं का, कानयंत्र अगदी शेवटच्या क्षणापर्यंत राहू द्या अशी विनंती वरिष्ठांना केली का, आत काय होणार ते साध्या शब्दांत सांगितलं का?

जनरल वॉर्डात मी ड्रेसिंग बघते. लिहून दिलेलं दुखण्याचं औषध अर्धा तास आधी मिळालंय का, याची चौकशी विद्यार्थ्याने स्वतःहून केली का? चिकटलेलं गॉझ सलाईनने भिजवून सुटू दिलं की ओढलं? ‘शून्य ते दहात किती दुखतंय?’ विचारून आठ उत्तर आल्यावर हात थांबला का? आकडा विचारायचा, चार्टवर लिहायचा आणि तसंच पुढे चालू ठेवायचं, हे फार ठिकाणी चालतं. त्याला पूर्ण गुण कधीच देऊ नका.

पद्धत सोपी ठेवा. सहा मुद्दे: नाव सांगून ओळख, करण्याआधी सांगणं, आडोसा, वेदनेची दखल, ऐकून घेणं, आणि जाताना पुन्हा कधी येणार ते सांगणं. प्रत्येकाला ०, १ किंवा २. एका विद्यार्थ्याचं वीस मिनिटांचं निरीक्षण तीनदा, तीन वेगळ्या ठिकाणी, त्यातलं एक तरी इव्हिनिंग किंवा नाईटला. सत्रभर निरीक्षण होणार हे मुलांना आधी सांगा, दिवस-वेळ सांगू नका. दोन निरीक्षकांनी सुरुवातीला दोन विद्यार्थी एकत्र बघून वेगवेगळे गुण लिहावेत. बारापैकी बेरजेत दोनहून जास्त फरक आला तर आधी ‘आडोसा म्हणजे काय’ यावर एकमत करा, मगच पुढे जा.

मानसोपचार_नर्सिंग

वर सगळं नीट आलंय. कोणत्या वागण्याला गुण द्यायचे नाहीत, हेही फॉर्मवर येऊ द्या, कारण भावुक प्रसंग वाचून कमिटी वाहवते.

स्वतःच्या पैशाने औषध आणून दिलं, ड्यूटी संपल्यावर चार तास थांबली, स्वतःचा मोबाईल नंबर दिला, डबा आणला. हेतू चांगला असतो, त्याबद्दल शंका नाही. पण एकदा याला बक्षीस मिळालं की पुढच्या बॅचला संदेश जातो की आपुलकी म्हणजे स्वतःला संपवणं आणि खिशातून खर्च करणं. ज्या मुलीकडे घरून येणारे पैसे कमी, ती या शर्यतीत हरणार. औषध परवडत नाही हे कळल्यावर समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे नातेवाइकांना स्वतः घेऊन जाणं, हे गुण द्यायचं काम. ते विद्यार्थिनीच्या पैशाविना चालतं आणि पुढच्या रुग्णालाही उपयोगी पडतं.

‘तुम्हाला काही होणार नाही’ हे खोटं आश्वासनही तसंच. रुग्णाने ‘जगावंसं वाटत नाही, पण कुणाला सांगू नको’ म्हटलं आणि विद्यार्थिनीने ते मनात ठेवलं, तर ती माया नाही, धोका आहे. तिने तिथेच म्हणायला हवं, ‘हे मी माझ्यापुरतं ठेवू शकत नाही, पण सिस्टरना सांगायला जाईपर्यंत तुम्हाला एकटं सोडणार नाही,’ आणि दुसऱ्या कुणाला जवळ बसवून इन्चार्जना कळवायला हवं. असा प्रसंग चिठ्ठीत आला तर नोंद झाली का ते नर्सेस नोट्समध्ये तपासा.

दुसरं म्हणजे कार्यक्रम. व्यासपीठावरून चिठ्ठी वाचताना रुग्णाचं नाव, गाव, आजार काहीही नको. एचआयव्ही बाधित व्यक्तीची माहिती उघड करायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसोपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांत देता येत नाही. आणि कायद्यात असो-नसो, छोट्या तालुक्यात ‘बर्न्स वॉर्डातली, अमक्या गावची सून’ म्हटलं की सभागृहातल्या निम्म्या लोकांना कळतं. रुग्णाला हार घालायला बोलावून फोटो काढू नका. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिठ्ठीचा फोटो टाकायचाही मोह टाळा. मजकूर टाइप करून, ओळख काढून टाका.

वॉर्ड_इन्चार्ज

वरच्या मोबाईल नंबरच्या मुद्द्याशी सहमत. ड्यूटीनंतर थांबण्याबद्दल मात्र सरसकट शून्य नको. रुग्ण अखेरच्या घटकेला आहे, जवळ कुणी नाही आणि विद्यार्थिनी इन्चार्जना विचारून अर्धा तास थांबली, तर ते मोजावं. इन्चार्जना माहीत होतं का, एवढं बघा.

पुरस्काराच्या रूपाबद्दल थोडं. ‘फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार’ हे नाव देऊ नका. त्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार केंद्र सरकार १९७३ पासून देतं आणि तो नोकरीतल्या परिचारिकांसाठी आहे. विनाकारण गोंधळ होईल. नमुना बघायचाच तर अमेरिकेतल्या डेझी पुरस्काराचा बघा. १९९९ साली पॅट्रिक बार्न्स हा ३३ वर्षांचा तरुण आजारपणात गेला. त्याच्या शेवटच्या दिवसांत परिचारिकांनी त्याला आणि घरच्यांना जसं सांभाळलं, त्याचे आभार मानायला कुटुंबाने संस्था काढली. रुग्ण आणि नातेवाइकांनी लिहिलेला प्रसंग हाच त्या पुरस्काराचा पाया, आणि त्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पुरस्कारही आहे.

रोख रक्कम मी टाळेन. पाच हजार ठेवले की नावं सुचवण्यात मैत्री आणि गटबाजी शिरते. प्रशस्तिपत्रावर ‘उत्कृष्ट रुग्णसेवेबद्दल’ असं मोघम न छापता प्रसंग तीन-चार ओळींत छापा. मुलाखतीला जाताना त्या ओळी कामाला येतात.

कमिटीत पाच जण: एक ट्यूटर, एक इन्चार्ज सिस्टर, एक नाईट सुपरवायझर, एक समाजसेवा अधीक्षक आणि गेल्या वर्षी पास झालेली एक माजी विद्यार्थिनी. कार्यालयाने नावं झाकून प्रसंगांना क्रमांक द्यायचे. प्रत्येकाने घरी बसून गुण लिहायचे, बैठकीत नाही, कारण बैठकीत प्राचार्य आधी बोलले की बाकीचे आकडे तिकडे सरकतात. निकषाला उतरणारं कुणी नसेल तर त्या वर्षी पुरस्कार देऊ नका आणि तसं नोटीस बोर्डावर स्पष्ट लिहा.

आणि ज्यांची निवड झाली नाही, पण ज्यांच्याबद्दल एक जरी प्रसंग आला, त्या प्रत्येकाला त्याची प्रत बंद पाकिटात द्या. मावशींनी तोंडी सांगितलेलंही टाइप करून द्या. १२ मेच्या आधीच द्या, म्हणजे सभागृहात बसताना त्यांच्या हातात ते असेल.